बर्फाला घातलेला मांडव

"काय, घर हिवाळ्यासाठी तयार केलं की नाही?" असं हसत हसत विचारणाऱ्या माणसाला मी आता दारात उभा करत नाही. मग तो टीव्हीवरचा हवामानवाला असो, हार्डवेअरच्या दुकानातला तो मिशाळ बाबा असो, नाहीतर आमचे परममित्र दिगंबर खासनीस असोत. तयारी म्हणे. चार खिडक्या आणि घरापुढच्या पाच पायऱ्या, एवढ्याची तयारी करता करता माझी पाठ गेली, नंदाचा हेअर ड्रायर गेला आणि माझ्या दाराला टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस लागली. आमच्या घराण्यात आजवर कोणाच्या दाराला नोटीस लागली नव्हती. उलट आमचे वडील, अण्णा, धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. नोटिसा त्यांच्या टेबलावरून दुसऱ्यांच्या दाराला जात.

मी चिडका नाही. नंदाचं म्हणणं वेगळं आहे, पण ती माझी बायको आहे आणि बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही असं अण्णाच सांगतात. मी साधा इंजिनिअर माणूस. त्यातून उष्णतेचा. न्यू जर्सीतल्या एका बॉयलरच्या कंपनीत उष्णता कुठून निघते, कुठे जाते आणि वाटेत किती वाया जाते हे सांगण्याचा मला पगार मिळतो. आणि माझ्या स्वतःच्या घरातून ती कुठून जाते हे मला सांगायला दिगंबर येतो, जो इलेक्ट्रिकलचा आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आमचे अण्णा. आदल्या वर्षी आई गेली आणि अण्णा धुळ्याच्या घरात एकटे राहायला लागले. खानावळीचा डबा यायचा. उन्हाळ्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले, आणि ही बातमी आम्हाला महिन्यानं कळली, तीसुद्धा निळ्या एरोग्रामच्या शेवटच्या ओळीत, पेरूच्या झाडाला यंदा बहर कमी आहे या वाक्याच्या खाली. ते वाचून मी इतका चिडलो की फोन लावून त्यांच्यावर ओरडलो. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मला ते तिथे एकटे नको होते. हट्ट करकरून सप्टेंबरात त्यांना इथे आणलं. व्हिसा वसंतापर्यंतचा होता, पण म्हातारबुवांनी परतीचं तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं काढून ठेवलेलं. का, तर इथली थंडी त्यांना सोसायची नाही.

हे वाक्य त्यांनी आल्याच्या दिवशी म्हटलं, दसऱ्याला म्हटलं, आणि ज्या दिवशी अंगणातल्या मेपलचं पहिलं पान लाल झालं त्या दिवशी ते पान हातात घेऊन म्हटलं. दुसऱ्या कोणाच्या बापानं म्हटलं असतं तर मी मान हलवली असती. पण उष्णतेच्या इंजिनिअरच्या बापानं थंडीला भिऊन पळून जायचं? मी नंदाला सांगून टाकलं, हे घर मी असं गरम करून दाखवतो की या माणसाला जायला कारणच उरणार नाही. नंदा म्हणाली, आधी त्यांना विचारा तरी की खरंच थंडीमुळेच जायचंय का. मी म्हटलं, यात विचारायचं काय, ते स्वतःच सांगतायत. बायकांना सरळ गोष्टीत वाकडं शोधायची सवय असते.

तसे अण्णा इथे रमले नव्हते हे मला दिसत होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी अकरा वाजता भांडणं ऐकायला बसलेला माणूस. इथे भांडण नाही. एकदा नंदानं दुकानातून घेतलेला कोट महिनाभर वापरून परत करायला नेला. अण्णा मुद्दाम बरोबर गेले, पावती खिशात, मुद्दे मनात तयार. काउंटरवरच्या पोरीनं कोट घेतला, पैसे दिले आणि गोड हसून हॅव अ नाइस डे म्हणाली. अण्णा घरी आले ते तोंड पाडून. "भांडलीच नाही रे," म्हणाले, आणि जेवणही धड जेवले नाहीत. मी त्याचाही दोष थंडीलाच दिला.

तर ऑक्टोबरच्या एका शनिवारी मी खिडक्यांना हात घातला. आमचं घर एडिसनच्या जवळ, ओक ट्री रोडवर नुकती कुठे दोन-चार देशी दुकानं निघालेली, तिथून पंधरा मिनिटांवर. घर जुनं, खिडक्या त्याहून जुन्या. दिगंबर तीन घरं सोडून राहतो. त्याला वास येतो. मी शिडी काढली की तो कॉफीचा कप घेऊन हजर. त्यानं सांगितलं की यार, केरोसिन हीटर घे, आता सगळे तेच घेतात. अण्णा हसले. रॉकेलच्याच वासात बसायचं तर धुळ्यात काय वाईट आहे, असं त्यांनी विचारलं, आणि दिगंबरचा तो सल्ला तिथेच संपला. मग त्यानं दुसरा काढला. खिडक्यांना आतून प्लॅस्टिक लावायचं, चारी बाजूंनी चिकटपट्टी, आणि वरून हेअर ड्रायरची गरम हवा मारली की प्लॅस्टिक ताणून काचेसारखं होतं. त्यानं स्वतः लावलंय का असं मी विचारलं. त्याच्या खिडक्या नव्या आहेत, असं तो म्हणाला. दुसऱ्याच्या घरावर प्रयोग करायला यांना फार उत्साह.

लावलं. सगळ्या घराला लावलं. हेअर ड्रायर शेवटच्या खिडकीला एकदा खाकरला आणि गेला. नंदा त्या हेअर ड्रायरबद्दल अजून बोलते, पण घरात वारा यायचा बंद झाला हे ती सांगत नाही. मी दाराखालच्या फटी बुजवल्या, टपालाच्या फटीला आतून गोधडीचा तुकडा ठोकला, शेगडीवरच्या पंख्याचं बाहेरचं तोंडसुद्धा बोळे कोंबून बंद केलं. त्या रात्री जेवताना अण्णांनी स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला. मी नंदाकडे बघितलं. मला तेवढं बस होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदानं अण्णांसाठी ठेचा करायला घेतला.

आता उष्णतेच्या इंजिनिअरला हे कळायला पाहिजे होतं, असं दिगंबर नंतर चारचौघांत म्हणाला. मी त्याला विचारतो, कुठल्या पुस्तकात आहे? चार हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या तर काय होतं, याचं कोष्टक कोणी छापलंय? जो ठसका एरवी खिडकीतून गपचूप न्यू जर्सीला जाऊन मिळायचा, तो आमच्याच घरात फिरायला लागला. आधी नंदा खोकली. मग मी. मग वरून आमची दहा वर्षांची दीपा, नाकाला टी-शर्ट लावून, "आर वी डाइंग?" असं विचारत खाली आली. तेवढ्यात छताला लावलेली धुराच्या अलार्मची डबी किंचाळायला लागली. मी वर्तमानपत्रानं वारा घालतोय, खिडकी उघडायला जातोय तर खिडकी प्लॅस्टिकच्या पलीकडे. अण्णा खुर्चीत वाकून खोकतायत, डोळ्यांतून धारा. दारावर धक्के. उघडलं तर शेजारचे मिस्टर रूसो हातात घरातलं आग विझवायचं नळकांडं घेऊन उभे. त्यांनी एक श्वास घेतला मात्र, आणि तेही पायरीवर बसून खोकायला लागले.

मी सुरी घेऊन ते सगळं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. एवढी मेहनत केलेलं, ताणून काचेसारखं झालेलं. फाडताना मी काय काय बोललो ते दीपाला कळलं नाही हे बरं झालं. अण्णा पाणी पिऊन म्हणाले, "चारू, थंडीनं नाही मरणार मी. तू मला गरम करून मारशील." आणि स्वेटर परत घातला.

मी खचलो नाही. दुसरा कोणी असता तर खचला असता. मी फटींना पट्ट्या लावल्या, फर्नेस साफ करून घेतली, आणि पानांकडे वळलो. ही पानं हा एक स्वतंत्र छळ आहे. झाड माझं, पान माझ्या अंगणात पडणार, पण ते उचलायचा हक्क टाउनशिपचा. ती पानं रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवायची, तीही तुमच्या गल्लीचा आठवडा असेल तेव्हाच. मी पाठ मोडेस्तोवर ढीग केला आणि फोन लावला. बराच वेळ फोनमधून पियानो ऐकवला. मग एक बाई आली आणि अतिशय आनंदानं म्हणाली की तुमच्या गल्लीचा आठवडा मागच्याच आठवड्यात झाला. मग या पानांचं काय करू, असं मी विचारलं. तिनं हॅव अ नाइस डे म्हटलं. अण्णा मागे उभे होते. जाळून टाक, म्हणाले. मी म्हटलं, इथे पानं जाळायला बंदी आहे. तर म्हातारबुवांचे डोळे एकदम लुकलुकले. कुठल्या कलमाखाली, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पानांवर इतका चिडलो होतो की त्या डोळ्यांकडे माझं लक्ष गेलं नाही.

दिवाळीला दिगंबरच्या घरी फराळाला गेलो आणि तिथे शोभावहिनींनी घात केला. त्या बिचाऱ्या मनानं चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे प्रत्येक ऋतूला एक अपघात असतो. चकली पुढे करत त्यांनी सांगितलं की त्यांचे मेरीलँडचे मामा असेच मागच्या हिवाळ्यात दारातल्या पायरीवरच्या बर्फावरून घसरले, खुबा मोडला, आणि अजून काठी घेऊन चालतात. अण्णांनी चकली ताटलीत परत ठेवली. घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले की न्हाणीघरात पडलो तेव्हा खाली निदान बर्फ तरी नव्हता. मला समजलं. थंडीचं कारण मी जवळजवळ संपवत आणलं होतं, तर आता ही बर्फाची पायरी उभी राहिली. तिकीट टेबलाच्या खणातून निघून अण्णांच्या उशाशी गेलं.

मांडवाची कल्पना कोणाची, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. म्हणजे ती अण्णांची होती, पण मांडव फाटल्यापासून सगळे ती माझी होती असं म्हणतात. झालं असं. मिस्टर रूसोंच्या अंगणात एक अंजिराचं झाड आहे. त्यांच्या वडिलांनी इटलीहून फांदी आणून लावलेलं. दरवर्षी थंडीच्या आधी ते त्या झाडाला जुने गालिचे गुंडाळतात, दोरीनं आवळतात आणि शेंड्यावर प्लॅस्टिकची बादली उपडी घालतात. अण्णा ते खिडकीतून दिवसभर बघत बसले. संध्याकाळी मला म्हणाले, "चारू, आपल्याकडे पावसाळ्याआधी दारावर पडवीला झड बांधतात, तट्ट्यांचं उतरतं छप्पर. पाऊस पायरीवर पडतच नाही, मग ती पुसायची कशाला? बर्फ पायरीवर पडलाच नाही, तर घसरणार कोण?"

या बोलण्यात चूक काढून दाखवा. मी इंजिनिअर आहे, मी रात्रभर शोधली, मला सापडली नाही.

शनिवारी लाकूड आणलं. चार खांब, वर आडवे वासे, त्यावर भली मोठी निळी ताडपत्री. दारापासून फुटपाथपर्यंत पायऱ्यांवर सरळ मांडव. अण्णांनी कानाला मफलर बांधून खुर्ची बाहेर घेतली आणि सूचना द्यायला बसले. पहिला खांब रोवताना ते म्हणाले, मुहूर्तमेढ आहे, असाच कसा रोवतोस, आणि नंदानं खरोखरच त्याला हळदकुंकू लावलं. दीपाला शेजारच्या मैत्रिणीकडे वाढदिवसाला जायचं होतं. ती दारातच थांबली आणि मला म्हणाली, "बाबा, कॅन यू स्टॉप टिल आय लीव्ह? एव्हरीवन इज लुकिंग." मग मागच्या दारानं गेली.

उताराचा प्रश्न आला आणि सगळे शहाणे जमले. दिगंबरचं म्हणणं उतार रस्त्याकडे द्यावा. मिस्टर रूसोंचं म्हणणं डावीकडे द्यावा, म्हणजे त्यांच्या बाजूला पाणी येणार नाही. अण्णांचं म्हणणं उजवीकडे, कारण धुळ्याच्या झडीला उजवीकडे असे. मी बर्फाच्या वजनाचं गणित करून आणलं होतं, ते कोणी बघितलं नाही. उलट दिगंबर म्हणाला की यार, थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं. हे मला ऐकवणारा माणूस घरातला बल्ब बदलायला माणूस बोलावतो. शेवटी सगळ्यांचा मान राखायचा म्हणून उतार कुठेच दिला नाही. ताडपत्री सपाट ताणून बांधली. शोभावहिनींनी उरलेलं दिवाळीचं कागदी तोरण आणून पुढच्या वाशाला लावलं. रविवारी एक गुजराती जोडपं गाडी थांबवून आत आलं आणि लग्न कोणाचं म्हणून विचारून गेलं. माझ्या ऑफिसातल्या एकानं सोमवारी अभिनंदन केलं. मी कोणाला काही समजावून सांगितलं नाही. माणसाचा मान एकदा गेला की खुलासे करून परत येत नाही.

पण अण्णा मात्र रोज संध्याकाळी त्या मांडवाखालून पाच पायऱ्या उतरायचे आणि पाच चढायचे. तिकिटाचं नाव काढलं नाही त्यांनी. मला वाटलं, जिंकलो.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी बर्फ पडला. मोसमातला पहिलाच, ओला, जड. सकाळी उठून बघतो तर मांडवाचं पोट खाली आलेलं, पार माझ्या डोक्याला लागेल इतकं. आपल्याकडे लग्नात पाऊस आला की मंडपवाला काय करतो? आत उभा राहून बांबूनं पोट वर ढकलतो, पाणी बाजूनं सांडतं. मी झाडू उलटा धरला आणि ढकलला. बर्फ बाजूनं सांडत नाही, ही गोष्ट मला त्या क्षणी कळली. ताडपत्री फाटली, मांडवावरचा सगळा बर्फ माझ्या अंगावर, त्या धक्क्यानं घराच्या छपरावरचाही घसरून त्याच्यावर, आणि मी झाडूसकट पायरीवर बसलो. पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. उरलेली अर्धी ताडपत्री वाऱ्यानं उडाली ती जाऊन मिस्टर रूसोंच्या बादलीवर बसली.

मान वर करून बघितलं तर सगळ्या गल्लीत, ज्यांनी काहीही तयारी केली नव्हती त्या लोकांच्या पायऱ्यांवर बोटभर बर्फ होता आणि ते तो झाडूनं झाडत होते. माझ्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. दिगंबर त्याच्या दारातून हात हलवून काहीतरी सांगत होता. उताराबद्दलच असणार.

अण्णा दारात आले. त्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "उजवीकडे उतार द्यायला सांगितलं होतं."

माझा तोल गेला. दोन महिने साठलेलं सगळं, प्लॅस्टिक, ठेचा, पानं, तो पियानो, सगळं त्या एका माणसावर निघालं. मी म्हटलं, "कोणासाठी करतोय मी हे सगळं? तुम्हाला जायचंच आहे ना? मग जा. उद्याच्या उद्या जा, मी विमानतळावर सोडतो."

बरं, एवढं अण्णा म्हणाले आणि आत गेले. नंदानं मला हात देऊन उठवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर बॅग उघडी, आणि त्यात घड्या घातलेली धोतरं, औषधांचा डबा, आईचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. मला आत जाऊन सांगायचं होतं की अण्णा, मी मूर्ख आहे, तुम्ही जाऊ नका. दारापर्यंत गेलोही. पण पाठ इतकी धरली होती की वाकता येईना, आणि ताठ उभं राहून माफी मागणं आमच्या घरात कोणाला जमलेलं नाही. परत फिरलो. आयुष्यात मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

सुट्टी संपून ऑफिसं उघडली त्या दिवशी मी पाठीमुळे घरीच होतो. दुपारी बेल वाजली. टाउनशिपचा इन्स्पेक्टर होता, मिस्टर हॅलोरन, उंच, गुलाबी, अत्यंत सभ्य. पायऱ्या कशाबशा मोकळ्या केल्या होत्या. वर चार खांब, वासे, लोंबणारी निळी चिंधी आणि ओलं तोरण. त्यानं विचारलं, हे काय आहे. मांडवाला इंग्रजीत काय म्हणतात? मी म्हटलं, छप्पर आहे, बर्फासाठी. त्यानं मान हलवली. घराच्या पुढच्या अंगणात, परवानगीशिवाय, बांधकाम. त्यानं कागद लिहिला, एक प्रत मला दिली, एक हळदकुंकवाच्या खांबाला ठोकली, आणि टाउनशिपच्या कोर्टात जानेवारीत हजर राहायचं असं सांगून हॅव अ नाइस डे म्हणाला. मी त्या शब्दांवर घरात बंदी घालणार आहे.

मी कागद हातात घेऊन आत आलो आणि जे सुचेल ते बोलत सुटलो. या देशात स्वतःच्या दारात माणसाला खांब रोवता येत नाही. तक्रार कोणी केली? रूसोंनी? दिगंबरनं? माझा आवाज ऐकून अण्णा बाहेर आले. पायात मोजे, डोक्याला माकडटोपी. दोन दिवसांवर विमान होतं आणि बर्फाच्या त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी चहा, मीठ आणि टॉवेल यांपलीकडे बोललो नव्हतो. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, खिडकीशी नेला आणि चष्मा वर करून वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला. इंग्रजी कोर्टाचंच, त्यांना कोणाची मदत लागली नाही.

"तारीख जानेवारीतली आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"आणि मांडव मी घालायला सांगितला. म्हणजे मुख्य साक्षीदार मी."

मी म्हटलं, अण्णा, परवा तुमचं विमान आहे.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोर्टात चप्पल घालून खुर्चीवर उभा राहिलो होतो. "तारीख पडल्यावर कोणी गाव सोडतं का रे?" असं म्हणाले, आणि आत जाऊन बॅगेतली धोतरं परत कपाटात ठेवायला लागले. तिकीट नंदानं बदललं. व्हिसाची मुदत संपेपर्यंत निकाल नाही लागला तर, असं तिनं विचारलं, तर मुदतवाढीचा अर्जही मीच लिहीन, असं अण्णा म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात जे झालं त्याचा मला संताप येतो, अजून येतो. ज्या माणसाला थंडी सोसत नव्हती तो माणूस रोज सकाळी ओव्हरकोट, मफलर आणि माकडटोपी घालून बर्फातून चालत गावातल्या लायब्ररीत जायला लागला. टाउनशिपचे नियम तिथे जाड पुस्तकात आहेत म्हणे. बांधकाम कशाला म्हणावं, तात्पुरतं कशाला, झाडावर बादली घातली तर ते बांधकाम होतं का. मिस्टर रूसोंना त्यांनी साक्षीला तयार केलं, आणि ते दोघं आता रोज अंजिरापाशी उभे राहून हातवारे करतात. शनिवारी दीपा बरोबर जाते, पानांच्या झेरॉक्स काढते, आणि घरी येऊन मला, "अण्णा इज सो कूल," असं सांगते. मी दोन महिने घर गरम करत होतो. खिडक्या, फर्नेस, फटी. कोणासाठी? त्या माणसाला थांबायला एक थंडगार नोटीस पुरली.

डिसेंबरच्या मध्यावर मिस्टर हॅलोरन परत आला. मी मांडवाखालीच होतो, बर्फ उपसत होतो. तो रस्त्यावरच थांबला. खूप चांगला माणूस आहे, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तो म्हणाला की सणासुदीचे दिवस आहेत, तुम्हाला कोर्टात खेचायची त्याची इच्छा नाही. हे चार खांब काढून टाका, तो आत्ताच्या आत्ता नोटीस रद्द करतो. दंड नाही, तारीख नाही, काही नाही.

चार खांब. एक पहार, अर्धा तास. मी घराकडे बघितलं. पुढच्या खिडकीत अण्णा टेबलाशी बसले होते, कागद पसरून, दीपाची रंगीत पेन्सिल कानावर. ओठ हलत होते. आई असताना घरी रात्री फायली आणल्या की असेच बसायचे. आई गेल्यापासून मी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

मी इन्स्पेक्टरला म्हटलं, मी काही काढणार नाही. काढायचं असेल तर कोर्टानं सांगावं. इंग्रजीत म्हटलं, आणि मोठ्यांदा म्हटलं. त्याला काही कळेना. त्यानं परत समजावलं, मी परत नाही म्हटलं. शेवटी खांदे उडवून तो गाडीत बसला. मी गराजमधून हातोडी आणि खिळे आणले. डावीकडचा खांब वाऱ्यानं हलत होता, कोर्टाच्या आधी पडला असता तर पंचाईत. मी पहिला खिळा लावला आणि सगळा राग काढून ठोकायला सुरुवात केली.

खिडकी उघडली. माकडटोपी बाहेर आली.

"चारू," अण्णा म्हणाले, "पुराव्याला हात लावू नकोस."